माइकच्या दाराचा पहिला मान

आमच्या देवळाच्या सभामंडपातले पंखे वारा देण्यासाठी बसवले आहेत, असे समितीच्या ठरावात लिहिलेले आहे. ते वारा देत नाहीत असे मी म्हणणार नाही. पण त्यांचा मुख्य कल गाण्याकडे आहे. काल्याच्या दिवशी मुलांचा गवळणकाला सुरू झाला, की ते मुलांच्या आधी सूर लावतात आणि माइक तो सूर आवडीने उचलतो. गेल्या वर्षी कृष्णाने यशोदेकडे लोणी मागितले, तेव्हा रस्त्यावरच्या पोदेराच्या, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याच्या, पोंग्याने उत्तर दिले. त्यानंतर मोपाच्या विमानतळावरचे विमान डोक्यावरून गेले, आणि ते जाईपर्यंत यशोदा तोंड उघडे ठेवून उभी राहिली. लोक हसले. मुलांना हसे झालेले कळते, आणि ते त्यांच्या लक्षात राहते.

म्हणून यंदा माइकचा बंदोबस्त करायचा असे मी ठरवले. हे काम माझ्यावर कोणी टाकले नव्हते. मी पेडणे तालुक्यातला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. संध्याकाळी वाड्यावरच्या मुलांना देवळात बसवून गाणी, पाठांतर आणि काल्याचे संवाद शिकवतो. गावात स्वतःहून घेतलेल्या कामाबद्दल कोणी आभार मानत नाही, आणि एकदा घेतले की ते सोडूही देत नाही.

सल्ले मात्र मिळाले. शेजारचे सगुण, ज्यांच्या घराण्याकडे देवापुढे गाऱ्हाणे घालण्याचा मान आहे, म्हणाले, "पंखे काडून उडय." माझी बायको सुलोचना म्हणाली, "पंखे काडल्यार बायलो वारो कशान घालतल्यो? तुमच्या संवादांच्या कागदान?" तिने माइकसाठी लोकरीची टोपी विणून दिली. ती घालून माइक आजारी माणसासारखा दिसू लागला आणि पंखे टोपीतूनही ऐकू येत राहिले.

शेवटी डिचोलीचा विशाल आला. जत्रांना आवाजाची यंत्रणा पुरवणे हा त्याचा धंदा. समितीने नवीन यंत्र घ्यावे असे त्याचे म्हणणे. त्याने एका दमात मला नॉइज गेट आणि कॉम्प्रेसर समजावून सांगितले, आणि मला काही म्हणजे काही कळले नाही. माझी एक सवय आहे. एखादी गोष्ट आपल्याला कळली की नाही हे मी ती मुलांना शिकवून ठरवतो. मुलांचे डोळे चमकले तर मला कळली. ती खाली बसून नखांनी फरशी कोरू लागली तर मला परत अभ्यास केला पाहिजे.

मी विशालला पुन्हा पुन्हा विचारले, आणि एका संध्याकाळी मुलांना म्हणालो, "विशालच्या यंत्रात दोन भाग आहेत. पहिला नॉइज गेट. असे समजा, की माइकच्या आत एक दार आहे आणि दारावर राखणदार आहे. त्याला शब्द कळत नाहीत. त्याला फक्त आवाज किती मोठा ते कळते. आवाज ठरलेल्या मापापेक्षा मोठा असला तर तो दार उघडतो. लहान असला तर बंद ठेवतो. पंख्यांची घरघर लहान, म्हणून ती बाहेर राहणार. तुमचे बोलणे मोठे, म्हणून ते आत जाणार."

"आणि दुसरो?" साईशने विचारले. साईश पेंद्याचे काम करतो. त्याने घरात हळू आवाजात पाणी मागितले, तर शेजारच्या घरातून तांब्या येतो.

"दुसरा म्हणजे कॉम्प्रेसर. तो वर्गातल्या मॉनिटरसारखा. कोणी फारच ओरडला, की त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवतो. तो तुझ्यासाठी आहे."

सगळी मुले साईशकडे पाहून हसली. साईशला अभिमान वाटला.

मग सिद्धीने हात वर केला. सिद्धी यंदाची कृष्ण. ही मुलगी आजीजवळ राहते, आणि दोन वर्षे ती माझ्याकडे येऊन मुकाट बसत असे. यंदा भूमिका वाटताना ती उठली, माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "माका कृष्ण होवचो आसा." एवढे एकच वाक्य. पण मी शिक्षक आहे. इतके दिवस न बोललेले मूल जेव्हा काही मागते, तेव्हा ते काय मागते याचा विचार करायचा नसतो. मी होय म्हटले.

"मास्तर," सिद्धी म्हणाली, "दार उघडला काय लगेच बंद जाता?"

"नाही. थोडा वेळ उघडे राहते. नाहीतर प्रत्येक शब्दाच्या शेपटीवर आपटेल."

"त्या वेळान दुसरो कोण भितर गेलो तर?"

"जाईल. कोण गेले ते राखणदाराला कळत नाही."

प्रश्न इतका चांगला होता, की मी त्या दिवशी वर्ग लवकर सोडला. चांगल्या प्रश्नानंतर शिकवणे म्हणजे जेवणानंतर परत पान वाढणे.

यंत्र आले. त्यात सगळ्या माइकांच्या दारांना मिळून एकच गोल बटण होते. राखणदाराचे माप त्यावर ठरायचे. विशाल म्हणाला, "कोणी तरी माइकार बोला, म्हणजे माप लावतंय. कोणाचोय आवाज चलता."

हे वाक्य त्याने सभामंडपात, समितीच्या सगळ्या सभासदांसमोर उच्चारायला नको होते. डिचोलीत ते चालत असेल. आमच्याकडे पालखीला पहिला खांदा कोणाचा, दिवजांचे, म्हणजे बायकांच्या दिव्यांचे, पहिले ताट कोणाचे, नारळ कोण फोडणार आणि तो फुटल्यावर कुठली कवड कोणाच्या घरी जाणार, हे सगळे ठरलेले आहे.

समितीचे अध्यक्ष कृष्णनाथ उठून उभे राहिले. "कोणाचोय कसो चलतलो? देवाची वस्त आसा. पयल्या आवाजाक मान आसता."

"मग गाऱ्हाणा आमच्या घराचा," सगुण म्हणाले. "पयलो आवाज माझो."

"गाऱ्हाण्याचो मान तुमचो. पण मशीन गाऱ्हाण्यात खंय येता? मशीन समितीन घेतला."

"देवळात येता म्हणजे गाऱ्हाण्यात येता."

"मग पंखोय गाऱ्हाण्यात येता? तेका कधी सांगणा केलास?"

सगुण तंबाखू मळू लागले. मी मध्ये पडून म्हणालो, की माप सगळ्यांत बारीक आवाजाच्या माणसाला बोलावून ठरवावे, म्हणजे कोणी बाहेर राहणार नाही. हे मी अत्यंत नम्रपणे सांगितले. कृष्णनाथांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू पालखीचा पहिला खांदा मी रांगत्या पोराला द्यायला सांगत होतो.

तेव्हा पहिला आवाज कृष्णनाथांचा गेला. त्यांचा आवाज कसा आहे ते सांगितले पाहिजे. तरुणपणी ते खाणीवर ट्रकांना मागे घेण्याच्या खुणा ओरडून देत असत. खाणी बंद पडल्या, ट्रक दारात गंजले, पण आवाज तसाच राहिला. त्यांनी माइकसमोर उभे राहून देवाचे नाव घेतले. विशालने त्या मापाला बटण फिरवले. कॉम्प्रेसर मात्र त्याला काढावा लागला, कारण मॉनिटरचा दाखला साईशने सगळ्यांसमोर खुलासेवार सांगितला, आणि कृष्णनाथांनी विचारले, "म्हणजे अध्यक्षाचो आवाज दाबतलास?" मग नारळ फुटला, बटणाला कुंकू लागले, आणि "हो आकडो आता हालवचो नाय," असे ठरले. विशालला सुर्ल्याला दुसऱ्या कामावर जायचे होते. त्याने वाद घातला नाही. बटणावर चिकटपट्टी लावली आणि तो निघून गेला. यंत्राशेजारच्या बांकावर बसण्याचे काम माझ्याकडे आले, हात न लावण्याच्या अटीवर. मी सर्वांसमोर शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी सराव झाला. पंख्यांची घरघर नाहीशी झाली होती. त्याबरोबर यशोदा, गवळणी आणि नंदही नाहीसे झाले होते. साईशचे संवाद वाक्यातल्या सर्वांत जोराच्या शब्दापासून सुरू होत. सिद्धीचे ओठ हलत होते. ती फक्त एकदा स्पष्ट ऐकू आली. विमान चालले होते, त्याने दार उघडले, आणि त्याच्या मागून तिचे अर्धे वाक्य आले. ते फार गोड वाक्य होते. पण विमानांचे वेळापत्रक बघून काला बसवता येत नाही.

"मी बोललंय, मास्तर," सिद्धी म्हणाली. "दारान घेवक नाय."

मी कृष्णनाथांच्या घरी गेलो. बटण थोडे खाली आणण्याची परवानगी मागितली. ते म्हणाले, त्यासाठी समितीची बैठक हवी. बैठकीसाठी सगुण हवेत, आणि सगुण मशिनीच्या प्रकरणावरून बैठकीला येत नव्हते. मी सगुणांकडे गेलो. ते म्हणाले, "पयलो आवाज अध्यक्षाचो, तर दुसरोय तेंचोच जांव." मी परत कृष्णनाथांकडे गेलो. अशा फेऱ्यांत माणसाच्या चपलेबरोबर त्याची प्रतिष्ठाही झिजते. पोदेराने एकदा मला विचारले, "मास्तर, तुमीय आता घरांनी काय विकतात?"

"चेडवाक मोठ्यान बोलाक शिकया," कृष्णनाथ शेवटी सिद्धीबद्दल म्हणाले. "तुमी शिक्षक मू? आणि पयल्या प्रवेशात आयकाक येवक नाय, तर मुकूट काडून साईशाक घालतलव. तेका सगळे संवाद पाठ आसत. गावचो काला आसा. एका चेडवाच्या हौशेखातीर तेचा हसा करूक गावना नाय."

मी घरी येऊन बसलो. सगळी नोकरी मी मुलांना हळू बोला म्हणून सांगण्यात घालवली. वर्गात ओरडणाऱ्याला आधी उत्तर द्यायचे नाही, कोपऱ्यात पुटपुटणाऱ्याला द्यायचे, हा माझा नियम होता. आणि आता मी स्वतः हौसेने आणवलेले यंत्र नेमके उलट करत होते.

दुसऱ्या दिवशी सिद्धी आली नाही. तिसऱ्या दिवशी तिची आजी, चंद्रावती, तिला हाताला धरून घेऊन आली. सिद्धीचा घसा बसला होता.

"मास्तर, ह्या काय शिकयलास?" चंद्रावती म्हणाली. "माझा चेडू सकाळपासून पाण्याच्या मोकळ्या पिंपात तोंड घालून आरडता. विचारल्यार म्हणता, दार उघडाक व्हया. खंयचा दार? आमच्या दाराक कडी सुदीक नाय."

मी सिद्धीला मधपाणी दिले आणि सांगितले, की ओरडायचे नाही. कृष्ण जसा बोलतो तसेच बोलायचे. मुकुटाची गोष्ट तिच्यापर्यंत पोचली होती. ती म्हणाली, "मगे मुकूट?" मी तिच्या पेल्यात आणखी मध घातला. साईश तिथेच बसून कान देऊन ऐकत होता. त्याला मुकुटाची आशा लागली असेल असे मला वाटले, आणि मी त्याला जरा तुटकपणे घरी पाठवले.

काल्याची दुपार आली. मंडप भरला. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, आणि मी यंत्राशेजारी, हात मांडीवर.

आधी गाऱ्हाणे. सगुण रुसवा बाजूला ठेवून देवापुढे उभे राहिले. त्यांचे बोलणे म्हणजे पुटपुटणे असते. देव जवळच असल्यामुळे त्यांना त्याहून मोठ्याने बोलण्याची गरज कधी वाटलेली नाही. ओठ हलू लागले. कर्ण्यांतून काहीही आले नाही. मग पुढच्या रांगेने जोरात "व्हय म्हाराजा!" म्हटले, आणि ते मात्र दार फोडून आत गेले. सगुण श्वास घेऊन पुढचे मागेपर्यंत दार परत बंद. परत "व्हय म्हाराजा!" मागच्या लोकांना नुसता होकार ऐकू येत होता. "काय मागितल्यानी?" एकाने विचारले. "बराच मागितला आसतला," दुसरा म्हणाला, "इतके जाण व्हय म्हणतत म्हणजे." आणि त्यानेही हात जोडून व्हय म्हटले. विधानसभेत याहून वेगळे काही होते असे मला वाटत नाही. पण सगुणांचे तोंड उतरले. ते येऊन खांबाला टेकून बसले.

मग पडदा सरकला. सिद्धी कृष्णाच्या वेषात उभी होती. मुकुट तिला थोडा मोठा होता, म्हणून आजीने आत कापूस भरला होता. तिचे ओठ हलले. कर्णे गप्प. कृष्णनाथांनी पडद्याच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला खूण केली, आणि तो मुकुट उतरवायला पुढे सरला.

तेवढ्यात साईशने आपली गुराख्याची काठी माइकच्या पायथ्याशी दाणकन आपटली.

"आई," कर्ण्यांतून सिद्धीचा आवाज आला, "सगळ्यांच्या घरी..."

दाणकन.

"...ताक घुसळतात. आपल्याच घरी..."

दाणकन.

"...शिंके इतके उंच का?"

मला आधी साईशचा राग आला. काला बिघडवतोय म्हणून मी बांकावरून अर्धा उठलोही. आणि अर्धा उठलेल्या अवस्थेतच मला समजले. दार थोडा वेळ उघडे राहते. कोण गेले ते राखणदाराला कळत नाही. मी जे शिकवले होते ते या दोघांनी नुसते पाठ केले नव्हते. साईश काठीने दार उघडत होता आणि सिद्धी त्यातून आत शिरत होती. तिने आपली वाक्ये दारात मावतील एवढी तोडून घेतली होती. माझे डोळे भरून आले. शेजारच्या माणसाला वाटले, पेंद्याची काठी मला लागली.

लोकांना हा प्रकार आवडला. त्यांना वाटले, यंदा मास्तरांनी नवीन ठेका बसवला. मुकुट उतरवायला आलेला माणूस रंगमंचावरच थांबला, आणि आता परत जाणे बरे दिसणार नाही म्हणून गवळणींच्या रांगेत उभा राहिला.

असा पहिला प्रवेश पार पडला. दुसऱ्या प्रवेशात मात्र कृष्ण एकटा असतो. यशोदेने त्याला उखळीला बांधलेले असते आणि तो आईची समजूत घालतो. माझ्या मते सगळ्या काल्यात तेवढेच ऐकण्यासारखे आहे. पेंद्या तिथे नसतो. साईश पडद्याआडून काठी आपटू लागला, पण तिथून आवाज पोचेना.

सिद्धी बोलू लागली. कर्णे गप्प. तिने थांबून माझ्याकडे पाहिले. ती घाबरलेली नव्हती. वर्गात एखादे मूल पाटी वर करून बाईंच्या किंवा मास्तरांच्या येण्याची वाट बघते, तशी ती बघत होती. कृष्णनाथ खुर्चीवरून उठले.

मी शब्द दिला होता. बटणाला कुंकू होते. समितीच्या इतिहासात मानाच्या वस्तूला परवानगीशिवाय हात लावलेल्या माणसांची नावे अजून घेतली जातात, आणि ती कशी घेतली जातात तेही मला ठाऊक आहे. मी चिकटपट्टी ओढली. ती सरळ निघाली नाही. नखाने कुरतडून काढावी लागली, आणि निघाली तेव्हा बटणावरचे कुंकू घेऊन निघाली. मग मी बटण अगदी शेवटपर्यंत खाली फिरवले.

एकदम सगळे आत आले. पंखे गाऊ लागले. बायकांच्या बांगड्या, कोणाचे तरी खोकणे, रस्त्यावरचा पोंगा, आंब्यावरचे कावळे, सगळे. आणि त्या सगळ्यांच्या मधून, कोणालाही बाजूला न सारता, सिद्धीचा आवाज आला.

"आई, बांधायचे तर बांध. पण दोरी सैल ठेवलीस, ते मला कळले हं."

सुलोचनेने पदर डोळ्यांना लावला. सिद्धी शेवटपर्यंत बोलली. दोन ठिकाणी विसरली, आणि विसरल्यावर गप्प राहिली तेही ऐकू आले.

हंडी फुटली, मुले दह्यात लोळली, आणि कृष्णनाथ रंगमंचावर चढले. ते माझ्याविषयी बोलणार हे त्यांच्या चालण्यावरून कळत होते. रुसलेल्या सगुणांना त्यांनी साक्षीला बरोबर घेतले होते. माइकपाशी उभे राहून त्यांनी घसा साफ केला. पण माझ्यावर तोफ डागण्याआधी ते सगुणांच्या कानाशी वाकले. बटण अजून खालीच आहे हे तोफेच्या तयारीत ते विसरले, आणि ज्या माइकला आजवर त्यांच्या ओरडण्याखेरीज काही ऐकू येत नव्हते, त्या माइकसमोर कुजबुजायला त्यांना हरकत वाटली नाही.

"सगुण, चेडू बरा बोलला हां," सगळ्या कर्ण्यांतून आले. "शपथ, माझ्या डोळ्यांत पाणीच इला. माझी आवस अशीच सैल बांधी. पण मास्तराक कळाक देव नको. उद्यां माझ्याच डोक्यार येवन बसतलो."

पंखे तेवढे गात राहिले, आणि लोकांच्या माना माझ्याकडे वळल्या. कर्ण्यांची तोंडे लोकांकडे होती, त्यामुळे कृष्णनाथांना अजून काही कळले नव्हते. ते ताठ झाले आणि ट्रक मागे घेण्याच्या आवाजात गरजले, "यापुढे समितीची परवानगी नसताना मशिनीक कोणी हात लावचो नाय!"

तेव्हा बायकांच्या बाजूने चंद्रावती उठली.

"अध्यक्षानू," ती म्हणाली, "ह्या आमी आयकला. पण आदी जा बोललास, ता परत बोला. आमच्या शेवटच्या बांकार नीट येवक नाय."

कृष्णनाथांनी तिच्याकडे पाहिले. मग माइककडे, मग माझ्या बोटांना लागलेल्या कुंकवाकडे. त्यांची मान कानापर्यंत लाल झाली. रंगमंचाच्या कडेला सिद्धी मुकुट हातात घेऊन उभी होती. तिच्या कोपराला दही लागले होते. कृष्णनाथ तिच्याकडे वळले, माइकच्या आणखी जवळ सरकले, आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "चेडवा, बरा बोललंस गो."

ते वाक्य शेवटच्या बांकापर्यंत ऐकू गेले.